तुरटमुळी आणि ओर्फाचं खोरं

लेडफर्ड घराण्याच्या दफनभूमीत गवताचं एक पातं दिसलं तरी ओर्फा लेडफर्डच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि त्याच टेकडीच्या पायथ्याला राहणारी तिची भावजय व्हेस्टा अशी, की बागेतलं वाळकं पानसुद्धा उचलायची नाही. टेकडीवर ही, खाली ती. मधे तारेचं कुंपण आणि चाळीसेक वर्षांचा अबोला. अगदी पुरता अबोला नव्हे म्हणा. रविवारी चर्चच्या पायरीवर "बरी आहेस?" "बरी आहे." एवढं व्हायचं. देवाच्या दारात तेवढं तरी बोलावंच लागतं.

दोघींना ओळखणाऱ्या माणसाला कुणाची बाजू घ्यावी ते कळत नसे. ओर्फाचं लग्न झालं नाही. ती बापाच्या मूळ घरात राहिली आणि घराशेजारची दफनभूमी तिने अंगणासारखी सांभाळली. व्हेस्टा तिच्या धाकट्या भावाची, बर्लची बायको. बर्ल लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. व्हेस्टा गावातल्या मोज्यांच्या मिलमध्ये मोज्याच्या चवड्याची शिवण घालायची. सुईएवढ्या दात्यांवर एकेक टाका अडकवायचा, चुकला की मोजा वाया. हे काम करणाऱ्या बायकांचे डोळे पन्नाशीत जातात म्हणतात. व्हेस्टाचे उलट तिखट झाले. मिल बंद पडली, बर्ल गेला, तरी डोळे तसेच राहिले, आणि ते सगळे तिने बागेत ओतले.

बाग म्हणण्यासारखं तिथे काही दिसायचं नाही. घरामागे झरा, झऱ्याच्या वरच्या अंगाला खडकाळ उतार, अर्धी सावली. शरदात पडलेली पानं जिथल्या तिथे. वाळलेल्या फुलांचे दांडे हिवाळाभर उभे, कारण त्यांच्या पोकळीत कोण कोण झोपलेलं असतं. एका कोपऱ्यात फांद्यांचा ढीग, त्यात चिमण्यांएवढ्या तपकिरी पाखरांची घरटी. सडक्या ओंडक्याखाली बेडूक आणि पाली. बर्ल जिवंत असताना पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे साप बिनभाड्याने राहतात. मीच तेवढा भाडं भरतो." पाहुणे हसायचे आणि पाय वर घेऊन बसायचे.

या पसाऱ्यात एकच गोष्ट व्हेस्टा जिवाला जीव लावून करायची. ती म्हणजे तुरटमुळी. शहरातल्या नर्सरीत हिला कोरल बेल्स म्हणतात आणि जांभळ्या, तांबड्या, गुळाच्या रंगाच्या पानांची विकतात. ती या डोंगरातल्या झाडाची नटवी चुलत भावंडं. डोंगरातली तुरटमुळी साधी. द्राक्षाच्या पानासारखं हिरवं पान, त्यावर चांदीचा पुसट हात फिरवलेला. मे महिन्यात बारीक, उंच दांडा वर येतो आणि त्याला मोहरीएवढी हिरवट फुलं लटकतात. बघणाऱ्याला ती फुलं आहेत हे सांगावं लागतं. मूळ चावलं तर तुरटीसारखं तोंड आवळून येतं. तोंड आलं, पोट बिघडलं, की जुन्या बायका हेच द्यायच्या. भाचीने एकदा हौसेने नर्सरीतली जांभळी आणून दिली होती. व्हेस्टाने ती रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी लावली. नकोसा पाहुणा बाहेरच्या खोलीत झोपवावा तशी.

तुरटमुळीचं फार कौतुक करावं लागत नाही, पण दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. बाकी बागेत पानांचा खच चालतो, पण तुरटमुळीच्या गाभ्यावर ओली पानं साचली की गाभा कुजतो. म्हणून व्हेस्टा दोन बोटांनी प्रत्येक झाडाचा गळा मोकळा करायची, पानं बाजूला सरकवायची, उचलून टाकायची मात्र नाही. आणि हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, तेव्हा झाड मुळासकट वर ढकललं जातं. बर्फ वितळल्यावर पाहिलं तर बिचारं उघडं पडून गारठत असतं. मग व्हेस्टा गुडघ्यांवर बसून एकेकाला पुन्हा खाली दाबायची आणि गळ्याशी मातीची भर द्यायची. म्हातारं होऊन लाकडासारखं झालेलं झाड मोडायचं, तुकडे पुन्हा लावायचे. सगळ्या उतारावर तिने अशी पसरवली होती. मूळची झाडं दोनच.

ती दोन कुठून आली, तेच या भांडणाचं मूळ.

व्हेस्टाला एकच मुलगा झाला, डेनी. मिलमध्ये तिची पाळी दुपारची असायची, घरी यायला मध्यरात्र व्हायची. बर्ल ट्रकवर. त्यामुळे पोरगं संध्याकाळचं आईने करून ठेवलेलं जेवण खाली जेवायचं आणि ओर्फा त्याला झोपायला वर मूळ घरी घेऊन जायची. सकाळी तो उतारावरून घरंगळत परत. खिशात किडे, मुंगळे, गोगलगायी. धुताना व्हेस्टा खिसे उलटे करायला विसरली की पंचाईत. शाळेत जायच्या आधीच्या हिवाळ्यात त्याला ताप आला, मान ताठ झाली आणि इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला. यापलीकडे त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही, मीही बोलत नाही.

त्या वसंतात व्हेस्टाने झऱ्याकाठच्या रानातून तुरटमुळीची दोन झाडं खणून आणली आणि डेनीच्या मातीवर लावली. वरची जागा उन्हाची, खडखडीत. पण आईच्या मनाला त्या वेळी ऊन-सावली सुचत नाही.

आता या डोंगरातली रीत अशी. मे महिन्यात डेकोरेशनचा रविवार येतो. घराण्यातले सगळे, दूर कारखान्यांत नोकरीला गेलेलेसुद्धा, आपापल्या दफनभूमीत जमतात, थडग्यांवर फुलं ठेवतात, भजनं म्हणतात, झाडाखाली लांब टेबलं मांडून एकत्र जेवतात. त्याच्या आदल्या शनिवारी सफाई. जुन्या वळणाच्या घराण्यांत सफाई म्हणजे खोऱ्याने सगळी जमीन खरवडून मातीशिवाय काही ठेवायचं नाही, आणि प्रत्येक थडग्यावर मातीचा ताजा वरंबा ओढायचा. हिरवं काही राहिलं तर ती नामुष्की. लेडफर्डांत हे काम ओर्फाचं. त्या शनिवारी तिने सगळ्यांत आधी डेनीचा वरंबा केला. दोन्ही झाडं खोऱ्याच्या एका फटक्यात निघाली, ती तिने कुंपणापलीकडे मागच्या वर्षीच्या कागदी फुलांच्या ढिगावर भिरकावली.

रविवारी व्हेस्टाने पाहिलं. भजन चालू होतं. सगळ्यांच्या देखत ती ओर्फाला म्हणाली, "माझं पोर तू दुसऱ्यांदा मारलंस." ओर्फाचा चेहरा पडला, पण खोरं धरलेली माणसं सहसा खुलासे देत नाहीत. व्हेस्टा कुंपण ओलांडून गेली, ढिगातून ती मुळं शोधली, ओच्यात घालून खाली आणली आणि झऱ्यावरच्या उतारावर लावली. तिथे त्यांना सावली मिळाली, खडकाची फट मिळाली. ती जगली. तेव्हापासून व्हेस्टा रविवारी दफनभूमीत यायची, बरणीत तुरटमुळीचे चार दांडे ठेवून जायची. शनिवारी कधीच नाही. खोऱ्याला तिने हात म्हणून लावला नाही.

वर्षं गेली. ओर्फा ऐंशी ओलांडून गेली, गुडघे बोलायला लागले. शनिवारच्या सफाईला येणारी माणसं कमी होत होत बोटांवर आली. मग एका हिवाळ्यात पुतण्या गार्लंड व्हेस्टाकडे कॉफीला आला. गार्लंड म्हणजे बर्लच्या धाकट्या भावाचा मुलगा. सरकारी रस्ते सपाट करायचं मोठं यंत्र चालवतो, आणि दिसेल ते सपाट करायची त्याला घरीही सवय. त्याचं म्हणणं सरळ होतं. खरवडणं आता कुणाच्याने होत नाही. वरंबे मोडावेत, सगळी जमीन नांगरयंत्राने भुसभुशीत करून गवत पेरावं. मग बसून चालवायच्या गवतकापणीच्या यंत्रावर तो एकटा तासाभरात सगळं कापील. डेकोरेशनला जेवणानंतर मत घ्यायचं, सप्टेंबरात पेरणी. ओर्फा आत्या आडवी येणार हे त्याला माहीत होतं, म्हणून तो काकूकडे आला होता. दोन म्हाताऱ्यांतली एक तरी आपल्या बाजूला हवी.

व्हेस्टाने कॉफी ओतली आणि म्हणाली, "गवत का होईना, काहीतरी हिरवं असू दे माझ्या पोरावर."

आणि नुसतं म्हणून थांबली नाही. बर्फ असताना, गाडी घसरत असताना, ती घरोघर गेली. जे दूर होते त्यांना फोन केले. व्हेस्टा मागे लागली की सुटका नाही. मिलमधल्या मुकादमालाही ठाऊक होतं. वसंत येईपर्यंत तिने जवळजवळ सगळं घराणं गवताच्या बाजूला ओढलं. ओर्फाला हे कळलंच. या डोंगरात कळायला वेळ लागत नाही, एकाने शिंक दिली की तिसऱ्या घरी औषध काढतात. त्या रविवारी चर्चच्या पायरीवर "बरी आहेस?"सुद्धा झालं नाही.

मग मे आला आणि तुरटमुळीला दांडे फुटले.

त्या फुलांवर एक माशी येते. मधमाशीच्या जातीची, पण लहान, करडी, पोटावर फिकट पट्टे. ना पोळं, ना राणी. व्हेस्टाने ती फार पूर्वीच हेरली होती, कारण ती दुसऱ्या कुठल्याच फुलावर जात नसे. शेजारी जंगली जिरेनियम फुललेलं असलं तरी ढुंकून बघणार नाही. आदल्या वर्षी शेतकी खात्यातली एक मुलगी झरा बघायला आली होती, ती ही माशी पाहून उतारावर पोटावर झोपलीच. तिने सांगितलं की या माशीची पिल्लं तुरटमुळीच्याच परागावर वाढतात, दुसरं काही चालत नाही. आणि ती जमिनीत बीळ करून एकटी राहते. उन्हातली, उघडी, न हललेली माती हवी. तुमच्याकडे अशी जागा आहे का?

व्हेस्टाकडे कशी असणार? तिच्याकडे पानांचा खच. तिने मुद्दाम उताराच्या कडेला एक तुकडा साफ केला आणि वर्षभर वाट पाहिली. माशी एकही आली नाही. शेजारच्या मांजरीने मात्र त्या मऊ मातीचा भलताच उपयोग केला. व्हेस्टाला ते लागलं. आपल्याकडे जेवतात आणि राहतात भलतीकडे, हे तिच्या मनाला पटेना.

तिचा बाप रानमाश्यांची ओळ धरणारा होता. मध हवा तर आधी माशीचं झाड सापडायला हवं. तो मोकळ्या जागी बसून माशीवर चिमूटभर पीठ फुंकायचा, ती कुठे उडते ते बघायचा, मग त्या दिशेने थोडं पुढे सरकून दुसरी पकडायचा. पांढरी झालेली माशी लवकर परतली तर झाड जवळ, उशिरा आली तर लांब. व्हेस्टा लहानपणी त्याच्या मागे पिठाची पुडी घेऊन फिरलेली. डेकोरेशनच्या आठवड्यात एका सकाळी तिने स्वयंपाकघरातून मक्याचं बारीक पीठ घेतलं, उतारावर बसली, आणि फुलातून मागे सरकणाऱ्या माशीच्या पाठीवर गवताच्या काडीने पिठाचा ठिपका लावला. मोज्याचे टाके उचललेल्या हाताला ते जड नव्हतं.

माशी उडाली ती वर. दुसरी, तीही वर. पिठाची पहिली थोड्याच वेळात परत फुलावर हजर. म्हणजे घर जवळच. व्हेस्टा चार पावलं चढली, थांबली, पाहिलं. पुन्हा चढली. ओळ कुंपणाशी गेली आणि कुंपणावरून पलीकडे. तिथे तिचे पाय अडले. आठवड्याच्या मधल्या वारी ती त्या कुंपणापलीकडे कधी गेली नव्हती. पण बापाची मुलगी ती. ओळ धरली की मधे सोडायची नसते. तार वर करून ती आत शिरली.

खरवडून खरवडून सपाट झालेली तांबूस माती उन्हात तापत होती. आणि तिच्यात बिळं. पेन्सिलीच्या जाडीची, तोंडाशी मातीचा बारीक गोल. इकडे दोन, तिकडे पाच. ती मोजत पुढे गेली आणि मोजायचं थांबली, कारण सगळ्यांत जास्त बिळं एका लहानशा वरंब्याच्या उन्हाकडच्या अंगाला होती. वरंबा डेनीचा. पाठीवर पीठ असलेली एक माशी तिच्या डोळ्यांदेखत आली आणि आत गेली.

व्हेस्टा तिथे खाली बसली आणि रडली. इतक्या वर्षांनी, भर सकाळी, मोठ्याने. रडून झाल्यावर तिला दुसरी गोष्ट सुचली. नांगरयंत्र. ते सप्टेंबरात ही माती ढवळणार, बिळांत पिल्लं असताना. वर गवताचा गालिचा पसरणार. आणि हे सगळं कुणी ठरवलं, तर तिने. घरोघर जाऊन.

शनिवारी सकाळी खोऱ्याचा आवाज ऐकून ती वर गेली. ओर्फा एकटीच होती. उपड्या बादलीवर बसून, हात पोचेल तेवढं खरवडायचं, मग बादली पुढे सरकवायची, असं तिचं चाललं होतं. शनिवारी व्हेस्टाला पाहून ती थांबली, पण आश्चर्य दाखवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"डेनीच्या तिथे खोरं नको लावूस," व्हेस्टा म्हणाली.

"मत उद्या आहे. उद्यापर्यंत ही जागा माझी."

"गवताचं नाही बोलत मी. तिथे माश्या आहेत."

"माहितेय." ओर्फाने कपाळावरची टोपी मागे सारली. "आजच्या नाहीत त्या. फार वर्षांच्या आहेत. आधी मला मुंग्या वाटल्या. चावत नाहीत, काही नाही. म्हटलं, त्याला किड्यांचं वेड होतं, राहू देत सोबतीला. तिथे मी वरची सालच तेवढी काढते. तू मला शिकवायला आलीस?"

व्हेस्टाला पुढचं वाक्य जड गेलं. तिने विचारलं, त्या काय खातात ते ओर्फाला ठाऊक आहे का.

"मला काय ठाऊक? मी काय त्यांना जेवायला वाढते?"

"मी वाढते," व्हेस्टा म्हणाली. "तू उपटून फेकलेली ती तुरटमुळी. दुसरं काही खातच नाहीत त्या. माझ्याकडे खाली सगळीकडे पाला, त्यांना घर करायला बोटभर जागा नाही. उघडी माती लागते त्यांना. ती इथेच आहे."

ओर्फाने त्या वरंब्याकडे पाहिलं. एक माशी आली, एक गेली.

"म्हणजे खाली तुझ्याकडे जेवतात," ती म्हणाली, "आणि झोपायला वर माझ्याकडे."

"हो."

"तोही तेच करायचा."

व्हेस्टा ओर्फाच्या बादलीशेजारी जमिनीवर बसली. थोड्या वेळाने ओर्फाने आपणहून सांगितलं, खोऱ्याकडे बघत, जसं काही ते खोऱ्यालाच सांगायचं होतं. "हिरवं चढलेलं थडगं बघून लोक म्हणतात, याचं मागे कुणी उरलं नाही. आपल्या डेनीबद्दल असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याचं सगळ्यांत आधी केलं होतं."

"मला विचारायचं होतंस."

"तू सांगायचं होतंस. लावलीस गुपचूप."

म्हणजे भांडण मिटलं असं नव्हे. सुंभ जळतो, पीळ राहतो. पण ते चाळीस वर्षांनी पुन्हा तोंडाने सुरू झालं, हेही थोडं नव्हतं.

रविवारी भजनं झाली, थडग्यांवर फुलं आली, टेबलांवर तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग आलं. माणसं पोट धरून खुर्च्यांवर रेलली तेव्हा गार्लंड उठला. ठराव साधा आहे म्हणाला, सगळ्यांशी बोलणं झालंच आहे, व्हेस्टा काकूंनी फार मेहनत घेतली. टाळ्या पडायच्या आत व्हेस्टा उभी राहिली आणि म्हणाली की तिचं मत गवताविरुद्ध आहे.

कुणाच्या हातातला चमचा पुडिंगमध्येच राहिला. टेनेसीहून गाडी हाकत आलेला एक चुलत दीर म्हणाला, "व्हेस्टा, हिवाळाभर फोनवर तूच आमचं डोकं खाल्लंस ना?"

"खाल्लं," व्हेस्टा म्हणाली. "चुकले. गवताचं काही कळत नव्हतं मला, तुम्हालाही नव्हतं, म्हणून तर ऐकलंत."

मग तिने माश्यांचं सांगितलं. सगळं नाही सांगितलं; झोपायला वर येण्याचं तिने आपल्याजवळ ठेवलं. काही जण उठून बिळं बघून आले. काहींनी एकमेकांकडे पाहिलं, म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात तसं. माश्यांसाठी गवत अडवायचं, हे पटायला अवघड होतं आणि ते कुणी लपवलं नाही. गार्लंड चांगला मुलगा, त्याने आवाज चढवला नाही. त्याने विचारायचं तेवढंच विचारलं. "काकू, माश्या असू देत. पण आत्याचे गुडघे गेलेत. पुढच्या वर्षी खोरं कोण मारणार?"

"मी."

सगळ्यांच्या माना ओर्फाकडे वळल्या. तिने तोंडातला घास सावकाश संपवला.

"तिला येत नाही," ओर्फा म्हणाली. "पण शिकेल."

ठराव बारगळला असंही नाही. गार्लंडने तो पुढे ढकलला. ज्या वर्षी शनिवारी खोरं धरायला कुणी येणार नाही, त्या वर्षी सप्टेंबरात गवत. यावर सगळ्यांनी हात वर केले, आणि पुडिंग संपवलं.

पुढच्या वर्षीचा शनिवार उजाडला तेव्हा व्हेस्टा सकाळीच कुंपणाशी होती. आता तिथली तार गार्लंडने कापून लहानसं फाटक लावून दिलं होतं. ओर्फा घडीच्या खुर्चीत बसून सूचना देत होती, आणि त्या संपत नव्हत्या. इतकं खोल नको. कोपरातून नको, कमरेतून ओढ. बाबांच्या डोक्याशी दगड आहे, धार जाईल. व्हेस्टाच्या तळहाताला फोड आले. तिने उलट उत्तरं दिली, पण हात थांबवला नाही.

डेनीचं तिने शेवटी ठेवलं होतं. उन्हाकडच्या अंगाची बिळं उघडी होती, माश्यांची ये-जा चालू होती. त्या बाजूला तिने नुसती साल काढली. दुसऱ्या बाजूने माती ओढताना तिचं खोरं थांबलं. गेल्या डेकोरेशनला बरणीत ठेवलेल्या दांड्यांचं बी पडलं असणार. वरंब्याच्या सावलीच्या कुशीत तुरटमुळीचं इवलंसं रोप आलं होतं. दोनच पानं, त्यावर चांदीचा हात.

ओर्फाचे डोळे अधू झाले होते, पण हिरवं दिसायला तिला डोळे लागत नसत. ती खुर्चीत पुढे वाकली. मग म्हणाली, "एक राहू दे. एकाने काय होतंय?"

व्हेस्टा गुडघ्यांवर बसली. खोऱ्याच्या कोपऱ्याने तिने ते मुळासकट अलगद उचललं, मातीचा गोळा न फोडता, आणि खाली उतारावर न्यायला ओच्यात ठेवलं. मग उठून त्या जागेवरून खोरं एकदा फिरवलं आणि माती सारखी केली.

"नको," ती म्हणाली. "लोक म्हणतील, याचं मागे कुणी उरलं नाही."